सात नंबरची बाटली

१

"सात नंबरच्या बाटलीशी कोणीतरी खेळ केलाय," असं ज्ञानदाने सांगितलं, तेव्हा वाकणवाडीच्या ग्रामपंचायतीत बसलेल्या प्रत्येकाने आधी शेजारच्याकडे बघितलं. स्वतःकडे कोणीच बघितलं नाही. ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

ज्ञानदा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करायची. रिहे खोऱ्यातल्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात रेडॉन किती आहे ते मोजायला ती आली होती. रेडॉन म्हणजे खडकातून आपोआप सुटणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. खोल बोअरच्या पाण्यात विरघळून तो वर येतो. असं पाणी प्यायल्याने पोटाला थोडा धोका असतो. पण बंद न्हाणीघरात, कोंदट खोलीत तो पाण्यातून हवेत उतरतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत जात राहिला तर फुफ्फुसाला कर्करोग होऊ शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला जास्तच. हे ऐकून सभेतल्या बऱ्याच जणांचे हात नकळत खिशाकडे गेले होते.

पहिल्या मोजणीत गावच्या बोअरच्या पाण्यात रेडॉन जास्त निघाला, म्हणून ज्ञानदा खात्री करायला पुन्हा आली. बोअरच्या नळाखाली बादली भरून, बाटली पाण्यात बुडवून, आत हवेचा एक बुडबुडाही राहू न देता तिने दोन बाटल्या भरल्या. सहा नंबरची स्वतःच्या पिशवीत ठेवली. सात नंबरची उघड्या विहिरीच्या आणि ओढ्याच्या बाटल्यांबरोबर थर्माकोलच्या पेटीत गेली, आणि तिने पेटीला सुतळी बांधली. प्रयोगशाळेत सहामध्ये रेडॉन भरपूर निघाला, सातमध्ये जवळजवळ नाहीच. एकच नळ, एकच वेळ आणि असा निकाल.

"पेटी रात्रभर कुठं होती?" सरपंच इंद्रजितने विचारलं.

"ह्याच ऑफिसात," ज्ञानदा म्हणाली. "सकाळी तुमच्या ओट्यावर आणून ठेवली होती. मी आत पोहे खात होते. मग गाडी आली." बोलताना तिची मान खाली होती. नमुन्यांवरून नजर हलवायची नसते हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"ऑफिसची किल्ली कुणाकडं असती? पेटी ओट्यावर आणली कुणी? बाटल्यांवर नुसते नंबर, नाव न्हाई. मग बोअरची बाटली कंची, हे बाईंशिवाय ठाऊक कुणाला? बादली धरून उभा कोण व्हता?" इंद्रजितने एकेक बोट मिटलं, आणि मिटलेली मूठ कोपऱ्यात उभ्या असलेल्या बिरदेवकडे वळवली.

बिरदेव गावाचं पाणी सोडायचा. त्याने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"हैबतरावांनी फोडला आसंल त्याला," मागून कोणीतरी म्हणालं. "प्लॉट इकायचेत त्यांना. पानी खराब निघालं तर घेनार कोन?"

शनिवारच्या ग्रामसभेत बिरदेवला कामावरून काढायचं ठरलं. तोवर दुसरा माणूस नव्हता. तेव्हा चोर ठरवलेल्या माणसाने सकाळ-संध्याकाळ पाणी मात्र सोडायचं, असंही ठरलं.

२

इंद्रजितने आपल्या मावशीला बोलावून घेतलं. हेमलता मारणे ह्या निवृत्त फौजदार मुठा गावात राहायच्या. इंद्रजितच्या आईची, रत्नाबाईंची धाकटी बहीण. नोकरीत असताना त्यांच्या आवाजाला चांगले चांगले टरकायचे, आणि हे आपल्याला आवडतं हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

"मावशी, तपास बिपास काय करायला नको," इंद्रजित म्हणाला. "त्याच्या तोंडून फक्त वदवून घ्या. संस्थेवाले म्हणतायत, गावच फसवं आहे. माझी मान खाली गेली."

"तुझ्या मानेचं नंतर बघू," हेमलता म्हणाल्या.

रत्नाबाईंनी पाण्याचा तांब्या आणि गूळ आणून ठेवला. "लई उन्हाची आलीस गं," एवढंच बोलून त्या आत गेल्या. एरवी बहीण आली की त्या पायाशी बसून खोऱ्यातल्या सगळ्यांची खबर देत. हेमलतांनी स्वच्छ, गार पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि त्या पंपघराकडे निघाल्या.

बिरदेवची आई बानूबाई बाहेर कोकरांना पाला घालत होती. बिरदेव आत नळाशी बसला होता.

"किल्ली तुझ्याकडं होती का नव्हती?" हेमलतांनी चौकीतला आवाज काढला.

"व्हती."

"पेटी उघडलीस?"

"न्हाई."

"मग आपोआप उघडली? सभेत सगळ्यांसमोर का बोलला नाहीस?"

"बोलून काय व्हनार, म्याडम?" बिरदेव म्हणाला. "तुमी कशाला आलाय ते मला ठाव हाय. समद्यांनी आदीच ठरिवलंय."

हेमलता आणखी चढ्या आवाजात काही म्हणणार होत्या, तेवढ्यात बानूबाई दारात आली. "ह्या कामामुळं ह्यो घरी हाय, बाई. न्हाईतर मेंढरांमागं कोकणात चालला असता, आन् ह्याच्या सृष्टीची शाळा सुटली असती. काम गेलं तर जाऊ द्या. पर पोरीला शाळंत पानीचोराची म्हनत्यात. ती कालपास्नं जात न्हाई."

हेमलतांचा आवाज जरा खाली आला. "नमुना कसा भरला, दाखव."

बिरदेवने नळ सोडला. बादलीत पाण्याबरोबर तांबूस कण फिरू लागले. "पाइप गंजलाय. सरपंचास्नी दोनदा सांगितलं. बाईंनी बाटल्या भरल्या तवा बी असंच व्हतं. मलाच कसंतरी झालं. बाई म्हनल्या, कणांनी काय बिघडत न्हाई, राहू द्या."

हेमलतांनी बादलीत हात घातला. हाताला तांबडं लागलं. आणि तासाभरापूर्वी इंद्रजितच्या घरी त्या जे पाणी प्यायल्या होत्या, तेही ह्याच बोअरचं, पण आरशासारखं स्वच्छ होतं.

३

हैबतराव आपल्या आंब्याखाली खाटेवर बसले होते. डोंगराच्या पायथ्याची भाताची खाचरं त्यांनी पुण्याच्या लोकांना बंगल्यांसाठी विकायला काढली होती, आणि त्याबद्दल गाव त्यांना तोंडावर शेठ आणि मागे बरंच काही म्हणायचं.

"मी बिरदेवला फोडला म्हनं," ते हसून म्हणाले. "हेमलता, तुजं डोकं नोकरीतच ठिवून आलीस का? माज्या प्लॉटवर माजी सोताची इहीर हाय. उघडी. तिचं पानी त्या पोरीनं मोजलं, एकदम चांगलं निघालं. गावाचं बोअर वाईट ठरलं तर माजाच भाव वाढतुया. मी कशाला त्याला चांगलं ठरवू?"

हे खरं होतं. हेमलतांना ते आधी सुचायला हवं होतं, आणि न सुचल्याचा त्यांना राग आला.

"पन एक सांगू?" हैबतराव पुढे म्हणाले. "त्या दिवशी सभेत मी बी व्हतो. बिरदेव असलं करनार न्हाई हे मला ठाव व्हतं. बोललो न्हाई. बोललो असतो तर म्हनले असते, बघा, ह्यानंच फोडला."

राहिली रेश्मा, इंद्रजितची बायको. घरामागच्या चार खोल्या ती शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची. पाणी वाईट अशी बातमी पसरली तर पहिला फटका तिलाच होता. शिवाय पेटी तिच्याच ओट्यावर होती.

हेमलता घरी आल्या तेव्हा रेश्मा पाहुण्यांच्या खोलीतलं पाणी शुद्ध करायचं मशीन पुसत होती.

"घरात हेच पाणी पिता?"

"हे फक्त पाहुण्यांना, मावशी. घरात..." ती थांबली. "घरात आपलं नळाचं."

"त्या दिवशी सकाळी तू कुठं होतीस?"

"पोहे करत होते. ज्ञानदा ताई माझ्यासमोरच बसल्या होत्या. हे आंघोळीला गेले होते."

"आणि पेटीजवळ कोण होतं?"

रेश्माने फडकं पिळलं. पिळून झालेलं पुन्हा पिळलं. तिचे डोळे भरले होते.

"मावशी, तुमच्या पाया पडते. बिरदेवदादाचं काम जाणार नाही असं मी ह्यांना सांगते, कशीही गळ घालते. पण तुम्ही ह्या घरात पुढं शोधू नका."

४

दुसऱ्या दिवशी हेमलता पुण्याला संस्थेत गेल्या. ज्ञानदाने दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या. मोजून झालेलं पाणी अजून त्यांत होतं.

सहा नंबरच्या तळाशी तांबडा गाळ बसला होता. सात नंबरचा तळ स्वच्छ होता.

"हे तुम्हाला दिसलं नाही?" हेमलतांनी विचारलं.

"मी आकड्यांकडेच बघत होते," ज्ञानदा ओशाळून म्हणाली.

"सातमध्ये दुसरंच पाणी भरलंय का? विहिरीचं?"

"नाही. मलाही तेच वाटलं होतं, म्हणून क्षार तपासले. दोन्हींत तंतोतंत सारखे. पाणी बोअरचंच आहे. फक्त त्यातला रेडॉन उडून गेलाय. पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं, बारीक धार पडली, हवा लागली, की तो जातो. गावाला मी उपायही तोच सांगणार आहे. पाणी टाकीत फवाऱ्यासारखं पाडायचं आणि टाकीला, पंपघराला मोकळी हवा ठेवायची."

"बाटली किती भरलेली आली?"

"काठोकाठ. झाकणापर्यंत."

हेमलतांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. मग बोटं न मिटता बोलू लागल्या.

"ज्याला निकाल बिघडवायचा, तो पाणी बदलेल, नाहीतर अर्धं ओतून देईल. ह्याने तेच पाणी पुन्हा काठोकाठ भरलं. कण तेवढे काढले. म्हणजे पाणी गाळलं. ज्याला रेडॉन ठाऊक आहे तो कण कशाला काढील? म्हणजे त्याला रेडॉनशी काही घेणं नव्हतं. पाणी घाण दिसतंय, एवढंच त्याला दिसलं. आणि नंबरांचं म्हणाल तर काचेच्या बाटल्यांत तांबडं पाणी एकीतच होतं. कुठली बाटली बोअरची, हे कोणीही ओळखलं असतं." त्या थांबल्या. "पण पेटीला सुतळी बांधलेली होती. ती सोडायचं कारण काय? आतलं घाण दिसायला आधी पेटी उघडायला हवी."

ज्ञानदा एकदम लाल झाली.

"काय झालं?"

"एक सांगायचं राहिलं. म्हणजे, मी सांगितलं नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पेटीत तांदळाची पुरचुंडी होती. नमुने घेताना गावातून काही घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे. मी परत करायला हवी होती. पण घरी जाऊन भात लावला, आणि त्याचा वास... आई म्हणाली, असा तांदूळ वर्षानुवर्षं बघितला नाही. मग सांगायची लाज वाटली. मला वाटलं, त्याचा ह्याच्याशी काय संबंध."

"वास कसला?"

"आंब्याच्या मोहरासारखा."

हेमलतांनी डोळे मिटून घेतले. खोऱ्यात आता जो तो इंद्रायणी लावतो. आंबेमोहोर वाऱ्यात आडवा पडतो, उतारा कमी देतो, म्हणून लोकांनी सोडून दिला. तो अजून एकाच खाचरात पिकत होता, आणि त्या खाचराच्या मालकिणीच्या मांडीवर डोकं ठेवून हेमलता लहानपणी झोपल्या होत्या.

५

रत्नाबाई मागच्या पडवीत होत्या. मोरीतल्या नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं होतं आणि त्याचा मधला भाग तांबूस झाला होता.

"अक्का," हेमलता त्यांच्याशेजारी खाली बसल्या. "पोरीला तांदूळ तूच दिलास ना?"

रत्नाबाईंनी मान हलवली. "आपल्या दारातनं लेक रिकामी कशी जाईल? ती घेनार न्हाई म्हनून पेटीत सारावं म्हनलं. सुतळी सोडली आन् बघितलं, तर दोन बाटल्यांत कसं चांगलं पानी, आन् एकात ही तांबडी घाण. म्हनलं, हे पुन्याला जानार. तिथली मानसं बघनार, हसनार, वाकणवाडीचा सरपंच लोकांना असलं पाजतुया. माजा इंदा सरपंच हाय गं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पातेल्यात गाळून घेतलं. जरा कमी पडलं ते हंड्यातलं घातलं. अर्धं भांडं कसं द्यायचं? झाकण लावून, बाटली पुसून ठिवली. बरं वाटलं मला."

"आणि बिरदेवचं कळलं तेव्हा?"

बाहेर रेश्मा भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"रेश्मानं फडकं वाळत घातलेलं बघितलं व्हतं. ती काय बोलली न्हाई, मी बी न्हाई. सांगावं म्हनून येरवाळी उठायची, आन् इंदा समोर आला की तोंड उघडायचं न्हाई. भरल्या सभेत त्यानं त्या पोराला चोर केला, आन् चोर त्याच्या घरात. कसं सांगू? पंपघरावरनं जाताना बानू दिसली. मी तोंड फिरवून आले, हेमा. माज्या वयाची बाई ती."

गुन्हेगार सापडला की हेमलतांना एक समाधान वाटायचं. ते आलं नाही. पंपघरात आपण चौकीतला आवाज काढला होता, तो तेवढा कानात बसला होता.

संध्याकाळी इंद्रजितला कळलं. तो भिंतीला टेकून खालीच बसला. मग थोड्या वेळाने सरपंच झाला.

"मावशी, असं करू. उद्या सभेत सांगू, बाटली वाहतुकीत खराब झाली. कुणाची चूक न्हाई. बिरदेव कामावर राहील. आईचं नाव कशाला?"

"आणि सृष्टीला शाळेत काय म्हणतील?" हेमलतांनी विचारलं.

"लोक इसरतात."

"लोक काय विसरतात आणि काय नाही, हे मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलंय. पण मी सांगणार नाही. तुझ्या आईने सांगायचं का नाही, ते तिचं ती ठरवील."

रत्नाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. काय ठरवलं तेही बोलल्या नाहीत.

६

शनिवारी सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. एखाद्याला काढायचं असलं की आपल्या गावांत उपस्थिती चांगली असते. बिरदेव दाराशी उभा होता, बानूबाई बायकांच्या मागे. ज्ञानदा पुढच्या खुर्चीवर.

"बाटलीचा तपास झाला," इंद्रजितने सुरुवात केली. "त्यात असं निघालं की, वाहतुकीत..."

"बाटली मी उघडली," रत्नाबाई म्हणाल्या.

त्या बायकांतून उठून उभ्या राहिल्या होत्या. "पानी घाण दिसलं म्हनून गाळलं. त्यानं काय बिघडतं हे मला ठाव नव्हतं. बिरदेवनं पेटीला हात लावला न्हाई. आन् मला हे पयल्या दिवसापास्नं ठाव व्हतं."

मागून कोणीतरी हसलं. बघता बघता सगळी सभा हसायला लागली, मोकळी होऊन, बरं वाटून. "गाळलं व्हय म्हातारीनं!" "आता हिला काय शिक्षा देनार, सरपंच?" "आमच्यात बी गाळूनच देत्यात की पाव्हन्याला!" इंद्रजितच्या चेहऱ्यावरही रंग परतला. त्याने हात वर केला.

"झालं तर मग. गैरसमज होता. विषय संपला. आता पुढचं, टाकीला फवारा आणि नवीन पाइप..."

"इंदा, इषय संपला न्हाई," रत्नाबाई अजून उभ्याच होत्या. "मी केलं तर तुमी हसताय. त्यानं केलं म्हनून कळलं तवा कोन हसलं व्हतं? घरी पोरगी रडतीया त्याची. मी म्हातारी, मी सरपंचाची आई, म्हनून माजं गाळनं. आन् त्यो धनगराचा, म्हनून त्याची चोरी. ज्यानं ज्यानं त्याला चोर म्हनला, त्यानं उभं ऱ्हावं. मी उभी हाय."

हसू विझलं. माणसं पायांकडे बघू लागली.

पहिल्या हेमलता उठल्या. गुडघा दुखत होता, तरी उठल्या. मग ज्ञानदा. मग हैबतराव, त्यांनी चोर म्हटलं नव्हतं, पण ते उठले. एकेक करत खुर्च्या सरकल्या. शेवटी इंद्रजितही टेबलाला हात लावून उभा राहिला. त्याने बिरदेवकडे बघण्याचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही.

सगळ्यांत जास्त ओशाळला होता बिरदेव. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत हे त्याला बघवेना. त्याने दोन्ही हात जोडले.

"बसा की समदी. आजी, तुमी बी बसा, तुमच्यावर माजा राग न्हाई." तो जायला वळला. "सांजच्या पान्याची येळ झाली, तेवढं सोडून येतो. उद्यापास्नं दुसरा मानूस बघा. आमी मेंढरं घेऊन जातोय."

"बिरदेव, अरे, तुला काढत न्हाई आता," इंद्रजित घाईने म्हणाला.

"व्हय साहेब, कळलं मला," बिरदेव म्हणाला आणि निघून गेला. बानूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून त्याच्या मागे गेली.

थोड्या वेळाने पंप सुरू झाल्याचा आवाज आला. सभा अजून उभीच होती. आधी कोणी खाली बसायचं, ते कोणालाच ठरवता येईना.